आजीची कोथिंबीर आणि अकरावं गुणसूत्र

माझी भाची सहा-सात वर्षांची असताना सुट्टीला आमच्याकडे नाशिकला यायची, तेव्हा सकाळच्या पोह्यांवरून रोज रडारड व्हायची. बशीच्या कडेला ती कोथिंबिरीचं एकेक पान वेचून ठेवायची. ओलं खोबरं चालायचं, लिंबू चालायचं, मिरचीसुद्धा चालायची. कोथिंबीर मात्र नाही. "साबणाचा वास येतो," एवढंच ती सांगायची. माझी आई, म्हणजे तिची आजी, दर वेळी जुडी पुन्हा निवडून पुन्हा धुवायची. "दोनदा धुतलीय गं बाळा, साबण कुठून येणार तिच्यात?" असे चार दिवस गेले की आम्हा सगळ्या मोठ्या माणसांचं एकमत व्हायचं: नखरे आहेत.

आमच्याकडे कोथिंबीर नको म्हणणं म्हणजे जवळपास जेवणच नको म्हणणं. इथल्या बाजार समितीत कोथिंबिरीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारला जातो. मंडईत भाजी घेतली की भाजीवाली चार काड्या न मागता पिशवीत टाकते. वरण, आमटी, मिसळ, भरली वांगी, सगळ्यांवर शेवटचा हात कोथिंबिरीचा. तिची वडीही होते. अशा घरात एका मुलीला या पानांचा त्रास होतो, ही गोष्ट आम्हाला खरीच वाटली नाही. ती खरं बोलत होती, हे मला समजायला वीस वर्षं लागली. म्हणून हा लेख आधी तिच्यासाठी आहे. पण विषय आहे तो ओआर६ए२ नावाचं एक जनुक आणि त्याच्या सांगण्यावरून नाकात तयार होणारं एक प्रथिन.

आधी पानाकडे बघू, कारण साबण खरोखरच त्या पानात आहे.

कोथिंबिरीचं पान चुरगळलं की जो वास येतो तो बऱ्याच रेणूंचा मिळून असतो, पण त्यातला मोठा वाटा अल्डिहाइड नावाच्या रेणूंचा. दहा-बारा कार्बन अणूंची एक साखळी आणि तिच्या टोकाच्या कार्बनला ऑक्सिजन व हायड्रोजन, अशी त्यांची साधी घडण. डेकॅनाल, डोडेकॅनाल, डेसिनाल ही त्यांची नावं. डेकॅनालमध्ये दहा कार्बन, डोडेकॅनालमध्ये बारा. डेसिनालमध्येही दहाच, फक्त साखळीत एक दुहेरी बंध जास्त. हेच रेणू आणि त्यांची भावंडं माणसाच्या ओळखीच्या कितीतरी वस्तूंमध्ये भेटतात. साबणाच्या आणि कपडे धुण्याच्या पावडरींच्या सुगंधात अल्डिहाइड वर्षानुवर्षं वापरात आहेत. १९२१ साली अर्नेस्ट बो यांनी तयार केलेलं शनेल नंबर ५ हे अत्तर गाजलं ते त्यात सढळ हातानं घातलेल्या अल्डिहाइडांमुळे. संत्र सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, त्यात आठ कार्बनचं ऑक्टॅनाल आणि दहा कार्बनचं डेकॅनाल थोड्या प्रमाणात असतं. आणि पिकावरचा हिरवा ढेकण्या चिरडला की जो उग्र दर्प येतो, त्यात डेसिनाल असतं. घरातला ढेकूणही संकटात सापडला की अशाच धाटणीची, पण थोड्या आखूड साखळीची अल्डिहाइडं सोडतो. कोरिअँडर हे युरोपीय नाव ग्रीक भाषेतल्या ढेकणाच्या नावावरून आलं अशी एक जुनी समजूत आहे. शब्द तसाच घडला असेल किंवा नसेल, पण ज्यांनी ती सांगड घातली त्यांच्या नाकानं त्यांना फसवलं नव्हतं.

आपला शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आला. संस्कृतात या वनस्पतीला कुस्तुम्बुरु म्हणत. तिच्या नावासाठी पाणिनीनं अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र केलं आहे, इतकी ती जुनी आणि ओळखीची. कुस्तुम्बुरुची कोथिंबीर होईपर्यंत अडीच हजार वर्षं तरी ही पानं आपल्याकडे वाटली, चिरली आणि भुरभुरली जात आहेत.

याच झाडाला धने धरतात. कोवळं, हिरवं फळ पानासारखंच अल्डिहाइडचा वास मारतं. पिकत जातं तसा तो वास ओसरतो आणि लिनालूल नावाचा, लव्हेंडरच्या फुलातही असणारा गोडसर रेणू वरचढ होतो. त्यामुळे कोथिंबीर न खाणारी माणसं गोडा मसाला घातलेली आमटी आनंदानं खातात. माझी भाचीही खायची. तेव्हा आम्ही म्हणायचो, "बघा, धने चालतात आणि कोथिंबीर नाही, म्हणजे नखरेच." खरं तर तोच तिच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा होता. एका नेमक्या रेणूकुळाशी तिचं वाकडं होतं, झाडाशी नाही.

म्हणजे रेणू सगळ्यांच्या ताटात एकच असतो. फरक पडतो तो नाकात.

नाकपुड्यांच्या वर, दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, ओलसर अस्तराचा एक छोटा पट्टा असतो. त्यात काही दशलक्ष चेतापेशी आहेत. प्रत्येकीच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात आणि ते नाकातल्या चिकट ओलाव्यात पसरलेले असतात. मेंदूच्या पेशी हवेला थेट टेकतात त्या फक्त इथे. या पेशी काही आठवडे-महिने जगतात, मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. चेतापेशींच्या जगात हे फार दुर्मीळ आहे. तंतूंच्या पृष्ठभागावर प्रथिनं बसवलेली असतात. वासाचा रेणू श्वासाबरोबर आला, ओलाव्यात विरघळला आणि एखाद्या प्रथिनाच्या खाचेत नीट बसला, की ते प्रथिन थोडंसं आकार बदलतं. तेवढ्यानं पेशीच्या आत रासायनिक निरोपांची एक साखळी सुरू होते आणि शेवटी पेशीतून विजेचा एक लहानसा झटका मेंदूकडे जातो. ही प्रथिनं म्हणजे गंधग्राही.

ही आता शाळेच्या पुस्तकातली माहिती वाटते. पण १९९१ सालापर्यंत असं एकही प्रथिन कुणी पाहिलेलं नव्हतं. वास कसा येतो याबद्दल तर्क पुष्कळ होते, पुरावा नव्हता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत लिंडा बक नावाची संशोधक होती. ती समुद्री गोगलगायीच्या चेतापेशींवर काम करत होती. १९८५ साली तिनं वासाविषयीचा एक शोधनिबंध वाचला आणि या प्रश्नानं तिला पछाडलं. पुढची काही वर्षं तिनं याच एका शोधात घातली.

तिची पद्धत मला फार आवडते, म्हणून जरा थांबून सांगते. तिनं तीन अटी मांडल्या. एक, ही प्रथिनं पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणाऱ्या मोठ्या प्रथिनकुळातली असणार, कारण निरोप देण्याची रीत त्या कुळाशी जुळते. कापडातून धागा सात वेळा वरखाली ओवावा तशी ही प्रथिनं पडद्यात ओवलेली असतात. दोन, वास हजारो प्रकारचे असतात, म्हणून अशी जनुकं एकमेकांसारखी पण वेगवेगळी आणि संख्येनं पुष्कळ असणार. तीन, ती फक्त नाकाच्या अस्तरात चालू असणार. मग रॅट जातीच्या उंदराच्या नाकातून तिनं या कुळाशी जुळणारे डीएनएचे तुकडे वाढवून काढले आणि प्रत्येक तुकडा एका एन्झाइमनं कापून पाहिला. साधा हिशेब होता: तुकडा एकाच जनुकाचा असेल तर कापल्यावरच्या छोट्या तुकड्यांची बेरीज मूळ लांबीएवढी भरायला हवी. एका नमुन्यात ती बेरीज मूळ लांबीच्या कितीतरी पट भरली. एकाच लांबीची, पण वेगवेगळी अनेक जनुकं त्यात दाटीवाटीनं बसली होती, असा त्याचा अर्थ. बक आणि अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली 'सेल' या नियतकालिकात त्यांतली १८ जनुकं जगासमोर ठेवली. २००४ साली दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्या अठरांपैकी एकाचं नाव होतं आय७. ते लक्षात ठेवा.

नंतर मानवी जीनोम पूर्ण वाचला गेला तेव्हा या कुळाचा आवाका कळला. माणसात गंधग्राहींची चालू जनुकं सुमारे ४०० आहेत. आपल्या साऱ्या जनुकांमध्ये एवढं मोठं दुसरं कुळ नाही. त्यांच्या शेजारीच त्याहूनही जास्त संख्येनं मोडकी जनुकं पडून आहेत. कधीकाळी ती प्रथिन बनवत असतील, आता त्यांच्या अक्षरांत बिघाड झाल्यानं ती मुकी झाली आहेत. आपल्याकडच्या जुन्या गावात नांदत्या घरांच्या रांगेत पडके वाडे दिसतात ना, तसं. छोट्या घरगुती उंदरात अशी चालू जनुकं हजारावर आहेत आणि आफ्रिकी हत्तीत जवळजवळ दोन हजार.

ही जनुकं जवळपास सगळ्या गुणसूत्रांवर पसरली आहेत, पण सगळ्यात दाट वस्ती आहे अकराव्या गुणसूत्रावर. ओआर६ए२ तिथलंच. नावाचा उलगडा पत्त्यासारखा होतो: ओआर म्हणजे गंधग्राही, ६ ही आळी, ए हा वाडा आणि २ ही खोली. हे जनुक लहान आहे. माणसाच्या जीनोमच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी याच्या प्रथिनाची कृती जेमतेम हजार अक्षरांत लिहिलेली आहे, आणि तीही सलग. बहुतेक मानवी जनुकांत मधे मधे निरुपयोगी वाटणारा मजकूर येतो आणि तो कापून टाकावा लागतो. गंधग्राहींच्या प्रथिनाची कृती मात्र एकटाकी लिहिलेली असते. त्यातून सव्वातीनशेच्या आसपास अमिनो आम्लांची साखळी तयार होते, पडद्यात सात टाके घालते आणि मधे एक खाच सोडते.

अशा खाचेत रेणू नेमका कसा बसतो हे प्रत्यक्ष दिसायला मात्र फार वाट बघावी लागली. ही प्रथिनं प्रयोगशाळेत पुरेशा प्रमाणात बनतच नाहीत, बनली तर टिकत नाहीत. २०२३ साली सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आशिष मंगलिक यांच्या आणि ड्यूक विद्यापीठातल्या हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटांनी मिळून ओआर५१ई२ या मानवी गंधग्राहीचं चित्र अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं टिपलं. त्याच्या खाचेत प्रोपिओनेटचा एक रेणू बसलेला स्पष्ट दिसतो. मानवी गंधग्राहीचं रेणूसह टिपलेलं ते पहिलं चित्र.

नाकातली प्रत्येक चेतापेशी या चारशेपैकी एकाच जनुकाची निवड करते आणि आयुष्यभर त्या एकाच प्रकारचा ग्राही मिरवते. एकच ग्राही निवडणाऱ्या साऱ्या पेशींच्या तारा मेंदूच्या पुढच्या भागात ठरावीक ठिकाणी येऊन एकत्र गुंफल्या जातात. पण एक वास म्हणजे एक ग्राही, असं गणित नाही. एकच रेणू अनेक ग्राहींना कमीजास्त चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो. पेटीवर एकाच वेळी पाच-सहा पट्ट्या दाबल्या की त्या सगळ्यांचा मिळून एक मेळ ऐकू येतो. मेंदू तो मेळ ओळखतो. एखादी पट्टी अडकली किंवा जरा जास्तच जोरात वाजायला लागली, तर बाकी सगळं तेच असूनही मेळ वेगळा ऐकू येईल.

आता आय७ कडे वळू. जनुकं सापडली होती, पण कुठलं जनुक कुठल्या वासाचं, हे १९९१ नंतरही बरीच वर्षं कळत नव्हतं. १९९८ साली कोलंबियातच स्टुअर्ट फायरस्टाइन यांच्या गटानं एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर आय७ जनुक आणि हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचं जनुक चढवलं आणि तो विषाणू रॅटच्या नाकात सोडला. ज्या पेशींत विषाणू शिरला त्या हिरव्या चमकू लागल्या, म्हणजे त्यांच्यात आय७ वाढलेलं आहे हे दिसलं. मग सत्तरहून जास्त वास एकामागून एक देऊन पाहिले. ऑक्टॅनाल दिल्यावर त्या नाकाचा प्रतिसाद सगळ्यात वाढला. सात ते दहा कार्बनच्या सरळ अल्डिहाइडांना तो ग्राही साथ देत होता; साखळी त्याहून आखूड किंवा लांब झाली की गप्प. सस्तन प्राण्यातला एखादा गंधग्राही आणि त्याचा रेणू यांची जोडी प्रयोगानं जुळवली गेली ती अशी.

रॅटच्या आय७ चं माणसातलं भावंड म्हणजे ओआर६ए२.

ते अल्डिहाइड ओळखतं हे असं उंदराच्या नाकातून कळलं होतं. कोथिंबिरीचा प्रश्न त्याच्या दारात आला तो २०१२ साली. कॅलिफोर्नियातल्या २३ अँड मी या जनुकतपासणी करणाऱ्या कंपनीनं आपल्या युरोपीय वंशाच्या १४,६०४ ग्राहकांना विचारलं, तुम्हाला ताज्या कोथिंबिरीला साबणासारखी चव लागते का? उत्तरं त्यांच्या डीएनएशी ताडून पाहिली. मग ११,८५१ वेगळ्या लोकांना कोथिंबीर आवडते की नाही, असं विचारून निष्कर्ष पुन्हा तपासला. डीएनएतल्या लाखो अक्षरबदलांपैकी एक बदल दोन्ही वेळा वर आला. तो होता अकराव्या गुणसूत्रावर, आठ गंधग्राही जनुकांच्या एका झुबक्यात. त्या झुबक्यात ओआर६ए२ होतं आणि ते अल्डिहाइडांना दाद देतं हे आधीच ठाऊक होतं. मग वर्तमानपत्रांना मथळा मिळाला: कोथिंबीर नावडण्याचं जनुक सापडलं.

या मथळ्यावर माझा आक्षेप आहे, आणि तो आकड्यांवरूनच आहे. त्या युरोपीय लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंगी त्या बदलाच्या दोन्ही प्रती होत्या. त्यांच्यापैकी १५.३ टक्क्यांनी साबणाची चव लागते असं सांगितलं. ज्यांच्याकडे एकही प्रत नव्हती त्यांच्यापैकीही ११.५ टक्क्यांनी तेच सांगितलं. फरक खरा आहे, इतक्या मोठ्या संख्येत तो योगायोगानं येत नाही. पण 'साबणाचं जनुक' अंगी असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना कोथिंबीर साबणासारखी लागत नाही, हेही तितकंच खरं. संशोधकांनी स्वतःच हिशेब करून लिहिलं की नेहमीच्या सगळ्या जनुकीय बदलांची बेरीज केली तरी साबणाच्या चवीतला नऊ टक्क्यांहून कमीच फरक समजावता येतो. शिवाय सापडलेला बदल झुबक्यातल्या ओआर६ए२ च्याच कामावर परिणाम करतो, की शेजारच्या एखाद्या जनुकाच्या, हे त्या पाहणीनं सिद्ध केलं नव्हतं. ओआर६ए२ हा सर्वात सबळ संशयित आहे, इतकंच. कोर्टात उभं राहून एवढ्या पुराव्यावर कुणी शिक्षा मागणार नाही.

एखादं गंधग्राही जनुक पक्कं कसं पकडतात हे बघायचं तर ओआर७डी४ ची हकीकत बघावी. अँड्रोस्टिनोन हा डुकराच्या नराच्या लाळेत असणारा एक रेणू. तो हुंगायला दिला तर काहींना लघवीचा घाणेरडा दर्प येतो, काहींना मधासारखा किंवा व्हॅनिलासारखा गोड वास, आणि काहींना काहीच येत नाही. २००७ साली रॉकफेलर विद्यापीठातल्या लेस्ली व्हॉसहॉल आणि ड्यूकमधल्या मात्सुनामी यांच्या गटांनी आधी प्रयोगशाळेतल्या पेशींत शेकडो मानवी ग्राही एकेक करून तपासले आणि अँड्रोस्टिनोनला जोरदार दाद देणारा ओआर७डी४ शोधला. मग माणसांत त्याचं एक वेगळं रूप सापडलं, ज्यात फक्त दोन अमिनो आम्लं बदललेली होती आणि ज्याची दाद जवळपास बंद होती. आणि ते रूप अंगी असलेल्या माणसांना खरोखरच तो वास कमी घाण, कमी तीव्र वाटत होता. पेशीत आणि माणसात, दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. कोथिंबिरीच्या बाबतीत अशी दोन्ही टोकं जुळवून दाखवायला हवीत.

तरीही माझ्या भाचीच्या बाजूनं एक मोठा पुरावा उभा आहे. २०१४ साली मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ग्राहींची वेगवेगळी रूपं पेशींत तपासली आणि अनुमान काढलं, की कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांच्या गंधग्राहींच्या प्रतींपैकी तीस टक्क्यांहून जास्त प्रती वेगळ्या तऱ्हेनं काम करतात. दोन माणसांच्या डोळ्यांत किंवा कानांत एवढा फरक नसतो. एका पंगतीला शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या नाकांपुढची पेटी मुळात वेगवेगळ्या सुरांत लावलेली आहे. त्यांना तोच पदार्थ निराळा लागतो, याचं नवल वाटू नये.

मग आपल्याकडे साबणाची तक्रार इतकी क्वचित का ऐकू येते? २३ अँड मीच्या त्याच पाहणीत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत साबणाची चव सांगणारे चार टक्क्यांच्याही आत होते. युरोपीय वंशाच्या लोकांत तेरा टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅनडातल्या तरुणांना कोथिंबीर आवडते का असं विचारलं. पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्क्यांना ती नावडती होती, युरोपीय वंशाच्या १७ टक्क्यांना, आफ्रिकी वंशाच्या १४ टक्क्यांना, दक्षिण आशियाई वंशाच्या ७ टक्क्यांना, लॅटिन अमेरिकी वंशाच्या ४ आणि पश्चिम आशियाई वंशाच्या ३ टक्क्यांना. ज्यांच्या स्वयंपाकात कोथिंबीर रोज पडते, ते समाज या यादीत तळाशी आहेत. मला यात सवयीचा हात स्पष्ट दिसतो. गर्भात असताना आईच्या आहारातले वास गर्भजलातून बाळापर्यंत पोहोचतात, मग अंगावरच्या दुधातून, मग मऊ भातावरच्या वरणातून. ज्या वासाची पहिली ओळख आईच्या जेवणातून होते, तो अल्डिहाइड असला तरी मेंदू त्याला 'जेवण' या कप्प्यात टाकतो. ज्याची पहिली ओळख न्हाणीघरात होते, त्याचा कप्पा वेगळा. ग्राही दोघांकडे तोच असू शकतो.

आणि तरी आमच्या घरात, कोथिंबिरीच्या गावात, ती एक मुलगी होती. सवयीनं सगळ्यांचं सगळं निस्तरत नाही.

तिच्याकडूनच मला एक गोष्ट पुढे कळली. पोह्यांवरची ताजी चिरलेली कोथिंबीर तिला सोसवत नसे, पण आजीनं सकाळी पाट्यावर वाटून ठेवलेली हिरवी चटणी दुपारी ती खायची. आम्हाला तो आणखी एक विसंगत नखरा वाटला होता. पण पान वाटलं की पेशी फुटतात, त्यांच्यातली एन्झाइमं मोकळी होतात आणि अल्डिहाइडांचं हळूहळू दुसऱ्या, सौम्य रेणूंत रूपांतर करतात. वाटण जितकं बारीक आणि जितका वेळ ठेवलेलं, तितका साबण कमी. लहानग्या नाकाला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

इथे हा विषय संपला असता तर तो स्वयंपाकघरातलाच राहिला असता. पण ओआर६ए२ ची गोष्ट २०२२ साली अगदी अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचली: रक्तवाहिन्यांत.

बक यांची तिसरी अट आठवते? ही जनुकं फक्त नाकात चालू असणार. शोधासाठी ती अट फार उपयोगी पडली, पण पूर्ण खरी ठरली नाही. पुढच्या काळात गंधग्राही शुक्राणूंत सापडले, मूत्रपिंडात सापडले, त्वचेत सापडले. मग कॅलिफोर्नियातल्या ला होया रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत क्लाउस लाय यांच्या गटाला उंदरांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज पेशींवर आय७ चंच उंदरातलं रूप सापडलं. मॅक्रोफेज या शरीराच्या सफाई कामगार पेशी. जंतू, मेलेल्या पेशी, साठलेली चरबी हे सगळं त्या गिळतात. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठायला लागलं की त्या तिथे गर्दी करतात, आणि त्यांच्यामुळेच तिथली सूज वाढून थर जाड होत जातो.

पण धमनीत वास कसला? तिथे ऑक्टॅनाल येतं कुठून? संत्र्याच्या सालीतून नव्हे. शरीरातल्या चरबीच्या लांब साखळ्या ऑक्सिजनशी संयोग पावून तुटतात तेव्हा जे तुकडे पडतात, त्यात ऑक्टॅनाल असतं. तेल खवट होतं तेव्हा बाटलीत जे घडतं, त्याच जातीची ही क्रिया. लाय यांच्या गटाला ते उंदरांच्या आणि माणसांच्या रक्तात मोजता आलं, आणि कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांच्या रक्तात ते जास्त दिसलं. उंदरांना बाहेरून ऑक्टॅनाल दिल्यावर त्यांच्या धमन्यांतले थर वाढले. तो ग्राहीच काढून टाकलेल्या उंदरांत थर कमी झाले. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये ओआर६ए२ सापडलं आणि ऑक्टॅनाल मिळाल्यावर त्याही पेशी सूज वाढवणारी द्रव्यं सोडू लागल्या.

आणखी एक दुवा आहे. आय७ ला गप्प करणारा एक रेणू बऱ्याच वर्षांपूर्वीच ठाऊक झाला होता. त्याचं नाव सिट्रल. आपल्या गवती चहाच्या पात्याला जो वास असतो, तो मुख्यतः सिट्रलचाच. ऑक्टॅनाल ज्या ग्राहीला चेतवतं त्यालाच सिट्रल रोखतं. यावरून कुणी गवती चहाचा काढा हृदयाचं औषध म्हणून प्यायला लागू नये. पेशींच्या पेल्यातला प्रयोग आणि कपातला चहा यांत फार अंतर आहे. पण या ग्राहीला थोपवणारं औषध बनवता येईल का, हा प्रश्न आता प्रयोगशाळांमध्ये गांभीर्यानं विचारला जातो आहे.

गेल्या दिवाळीत भाची आली होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. आई आता नाही. असती तर तिलाच आधी सांगितलं असतं. भाची ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मावशी, माझ्या रक्तातल्या पेशींनाही साबणाचा वास येतो का?"

नाही. त्या पेशींकडे फक्त खाच आहे आणि खाचेत काय बसलं याची खबर आहे. त्या खबरीला त्या सुजेनं उत्तर देतात. नाकातल्या पेशीकडेही खरं तर एवढंच असतं. पण तिची तार मेंदूत जाते, आणि तिथे त्या एका खबरीला न्हाणीघरातला साबण, आजीचा हात, बशीच्या कडेला वेचून ठेवलेली पानं, असं सगळं येऊन चिकटतं. धमनीतल्या पेशीची तार कुठेच जात नाही.

तिनं मान डोलावली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. मी कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवली होती.